रॉक, गोंधळ आणि माझं दूध

मित्रांनो, मी हसनाबादच्या एका गोठ्यातली जुनी म्हैस आहे. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चंद्री. आमच्या जातीवर लोकांनी म्हणच करून ठेवली आहे, म्हशीपुढे बीन वाजवून काय उपयोग म्हणे! अहो, गेल्या काही दिवसांत मी जेवढी गाणी ऐकली, तेवढी तुमच्या सात पिढ्यांनी ऐकली नसतील. माझे कान किटले आहेत.

मी याच गोठ्यात जन्मले. उषाबाईंनी मला हाताने खाऊ घालून वाढवलं. पुढे माझी चार वेतं झाली. माझ्या दुधाच्या घट्ट सायीचं सगळी गल्ली कौतुक करायची. धार उषाबाईच काढायच्या. तेव्हा त्या जे पुटपुटत, ते घरातल्यांना गाणं वाटे. कसलं गाणं आणि कसलं काय! माझ्या पोटाला डोकं टेकून बाई गाऱ्हाणी सांगत. "सरळ उभी राह्य, मुडदा बशिवला तुझा! सकाळपासून एकानं इचारलं न्हाई, चहा पेली का म्हणून. गुडघा निस्ता ठणकून राह्यला." हे कानावर पडलं की मला आपोआप पान्हा फुटे.

मग उषाबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याला लेकीकडे, तृप्तीकडे गेल्या. धारेला त्यांचा मुलगा अंगद बसू लागला. तोंडातून शब्द नाही, ध्यान सगळं मोबाइलात. माझं दूध उतरेना. "चोरून राह्यली ही," तो म्हणाला. माझंच दूध, मी काय चोरणार?

त्याला कुणीतरी सांगितलं, परदेशात गाईंना गाणी लावतात. झालं! गोठ्यात स्पीकर आला. आधी जुनं इंग्रजी रॉक. गिटार अशी किंचाळली की पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला वाटलं. ढोल मात्र बरे होते, खोटं कशाला बोलू. दुसरं गाणं इतकं हळू सुरू झालं की मला डुलकी लागली, आणि शेवटी सगळे एकदम उठून ओरडायला लागले. माझा पाय बादलीत गेला. मग एक जण तोंडाचा बाजा वाजवत नाकातून गायला. बिचाऱ्याला सर्दी होती, कुणी काढाही देत नव्हतं. नंतर आपल्याकडची गाणी आली, गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या. ओव्या गोड होत्या, रवंथ झकास झालं. पण रवंथ वेगळं आणि पान्हा वेगळा, हे या शहाण्याला कोण सांगणार? वर हा मोबाइल माझ्या तोंडापुढे धरून म्हणतो, "बघा, चंद्रीची रिॲक्शन!" मी माशी हाकलायला कान हलवला, तर म्हणे, "गोंधळ बराबर आवडला तिला!" कपाळ माझं!

शेवटी अंगदने हात टेकले. कचरू व्यापारी आला. त्याने माझी कास दाबली, दात पाहिले. "आटली ही. उद्या गाडी आणतो," म्हणाला. ती गाडी कुठे जाते, ते आम्हा जनावरांना ठाऊक असतं. त्या दिवशी मी पेंडीला तोंड लावलं नाही.

अंगदने हे फोनवर आईला सांगितलं, आणि सकाळी गाडीच्या आधी उषाबाईच आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, तरातरा गोठ्यात. "इकतो म्हणं! आधी तुलाच इकते, थांब!" स्पीकर बंद करून त्या धारेला बसल्या.

"काय गं मेले, खात न्हाईस म्हणं? मलाबी तिथं घास उतरत नव्हता. लेक चांगली, जावई चांगला, नातवंडं चांगली. पण ज्याच्या त्याच्या कानात गाणी! काही बोलाया गेलं की, 'आजी, थांब, एवढं गाणं संपू दे.' एक संपलं की दुसरं. कोणापुढं बोलू मी? इतके दिवस तोंड मिटून बसल्ते गं."

बोलता बोलता बाई रडायला लागल्या. मला भडाभडा पान्हा फुटला. दूध बादलीत वाजू लागलं. कचरू दारात उभा राहून बघतच राहिला.

"कोणतं गाणं लावलं?" त्याने अंगदला विचारलं. अंगद खाली मान घालून आईजवळ येऊन बसला.

मित्रांनो, रॉक ऐका, गोंधळ ऐका, खुशाल ऐका. पण घरात कुणी बोलायला तोंड उघडलं, तर आधी गाणं थांबवा. आम्ही जनावरं आटलो तर लगेच कळतं, घरात बोंब होते, व्यापारी येतो. म्हातारं माणूस आटलं, तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही.