सुकं

"एक थेंब नाही," सुचेता जीपखालूनच म्हणाली. "बाबा, यात तेलाचा एक थेंब नाहीये."

तिचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. शैलेंद्र चौहान गॅरेजच्या दारात उभा राहून अख्ख्या अवधपुरी वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. जंगलात पर्यटक फिरवणाऱ्या त्याच्या सहा जीपा होत्या आणि वीस वर्षांत त्यांतली एकही सुचेताच्या बाबांचं, दत्तू खडतकरांचं, गॅरेज सोडून दुसरीकडे गेली नव्हती. आज त्यांतलीच एक ट्रॅक्टरला बांधून आली होती. चढावर मागची चाकं जाम झाली, जीप तिरपी होत नाल्याच्या काठाशी जाऊन थांबली. आत दोन बायका होत्या आणि तीन वर्षांचं एक मूल होतं.

"बच्चा था उसमें, उस्ताद," शैलेंद्र पुन्हा म्हणाला. "कुछ हो जाता तो मैं किसको मुँह दिखाता?"

सुचेताने झाकण बाजूला ठेवून बॅटरीचा उजेड आत पाडला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. इंजिनाची ताकद चाकांना तोच वाटून देतो, पण त्याचे दाते तेलात बुडालेले असले तरच. इथे दाते निळे पडले होते, दोन तुटून तळाशी पडले होते आणि करपलेल्या लोखंडाचा वास नाकात जात होता. झाकणाच्या कडेची फट बुजवणारं सिलिकॉन मात्र इतकं सुबक की बघत राहावं. बारीक, एकसारखी रेघ, बोल्टच्या प्रत्येक भोकाला आतल्या बाजूने वळसा. तो बाबांचा हात होता. या वयातही रेघ हलली नव्हती, आणि आत काही भरायचं मात्र राहून गेलं होतं.

"मैंने तो सील लगाया था," बाहेरून बाबांचा आवाज आला. "तेल भरना लड़की का काम था. बोली, भर दिया."

सुचेताचा हात पान्यावरच थांबला. आपण नीट ऐकलं ना, असं तिला क्षणभर वाटलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. सरपटत ती बाहेर आली आणि बाबांकडे बघत उभी राहिली. बाबा चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ होता.

"मैं तो पहले दिन से बोल रहा था," शैलेंद्र म्हणाला. चौदा वर्षं तो जे म्हणत आला होता, ते खरं ठरवायची संधी आज आयती चालून आली होती. "लड़की से गाड़ी का काम मत कराओ. चार दिन देता हूँ, उस्ताद. आप अपने हाथ से बनाओ. ये हाथ लगाएगी तो बाकी पाँच भी ले जाऊँगा, और मंडी से लेकर यहाँ तक सबको बताऊँगा किसने क्या किया."

तो गेला. गिऱ्हाइकासमोर बापाला खोटं पाडायचं नाही, हा घरचा नियम होता आणि आजवर सुचेताने तो पाळला होता. आज त्याच नियमाने तिचा गळा धरला.

गॅरेजात दुसराही एक नियम होता. बाबा कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आले तेव्हापासूनचा. गाडीतलं तेल काढलं की खडूने समोरच्या काचेवर लिहायचं, 'सुकं'. म्हणजे पोटात तेल नाही, किल्लीला हात लावायचा नाही. मराठीत का, तर हिंदीत लिहिलं की गिऱ्हाईक वाचतं आणि हुज्जत घालतं, असं बाबांचं म्हणणं. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी या जीपचं झाकण बसवलं, काचेवर 'सुकं' लिहिलं. सिलिकॉन रात्रभर सुकू द्यायचं, तेल दुसऱ्या दिवशी. "बेअरिंग घेऊन येते आणि दुपारी मी भरते," असं सांगून सुचेता सकाळी गेली. परत आली तर जीप नव्हती. "तेल भरलं ना?" तिने विचारलं होतं. "मग काय, कोरडी देईन?" असं म्हणून बाबा हसले होते.

"बाबा," ती आता म्हणाली, "मी कधी म्हटलं, तेल भरलं म्हणून?"

"जाऊ दे ना. झालं ते झालं."

"काय झालं? सांगा ना मला, काय झालं ते."

बाबा स्टुलावर बसले. 

"काचेवर सुकं लिहिलेलं होतं," ते म्हणाले. "मी वाचलं, सुकलं. म्हटलं, सिलिकॉन सुकलं, झालं काम. पुसलं आणि किल्ली दिली. शैलेंद्र गेल्यावरसुद्धा मला काही वाटलं नाही. तू विचारलंस तेव्हा खरंच वाटलं, भरलंय. आत्ता ती गाडी ओढत आणली तेव्हा डोक्यात लख्ख झालं."

तीस वर्षांपूर्वीचा शब्द, त्यांनीच पाडलेला. त्यांनी लिहिला आणि त्यांनाच वाचता आला नाही. सुचेताला एरवी रडू आलं असतं. पण राग इतका होता की रडायला जागाच नव्हती.

"आणि तरी तुम्ही माझं नाव घेतलंत."

"मग काय सांगू त्याला? दत्तू उस्ताद विसरायला लागला? उद्यापासून कुत्रं फिरकणार नाही इथे. तुझं काय बेटा, तू शिकणारी आहेस. तुझी चूक लोक पोटात घालतील."

"शिकणारी?" सुचेता म्हणाली. "डिप्लोमा करून चौदा वर्षं झाली मला, बाबा. सहाच्या सहा जीपा मी उघडते, मी बसवते, आणि बिलावर सही तुमची. माझी चूक पोटात घालतील? ते चौदा वर्षं तिचीच तर वाट बघतायत. माझ्या हातून झाली नाही, तर तुम्ही आणून दिलीत."

ती पुन्हा जीपखाली गेली, कारण काम कुणीतरी करायचंच होतं.

चार दिवस ती खपली. नवे दाते, नवी बेअरिंगं. जुनं सिलिकॉन खरवडून, पेट्रोलने पुसून कडा कोरड्या केल्या. नवी रेघ ओढली, बोल्ट आधी नुसते बोटाने फिरवले, तासाभराने समोरासमोरचे आवळले. रात्र मध्ये जाऊ दिली. सकाळी वरच्या भोकातून तेल काठोकाठ येईपर्यंत भरलं. या चार दिवसांत ती बाबांशी "पाना द्या", "सरका" याहून जास्त बोलली नाही. जेवणाचा डबाही तिने वेगळा उघडला.

पाचव्या दिवशी शैलेंद्र आला तेव्हा ती मागच्या चाकात हवा भरत होती आणि कॉम्प्रेसर धडधडत होता.

"उस्ताद, आपने ही बनाई ना?" त्याने ओरडून विचारलं.

"मैंने बनाई," सुचेता उठत म्हणाली. "और उस दिन मैंने नहीं कहा था कि भर दिया. बाबा भूल गए थे."

घरचा नियम मोडला होता. तिला वाटलं होतं, आता निदान हलकं वाटेल. शैलेंद्र हसला.

"अब बाप पे डाल रही है? शरम कर थोड़ी. उस्ताद, आप खुद देख लो एक बार. आप बोलोगे तभी ले जाऊँगा."

खरं बोलूनही ती खोटीच ठरली. तिने बाबांकडे बघितलंसुद्धा नाही.

एकाहत्तर वर्षांचे दत्तू उस्ताद गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, पोत्यावर आडवे झाले आणि जीपखाली सरकले. वरचा बोल्ट काढून भोकात करंगळी घालायची, टोकाला तेल लागलं की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. दोन मिनिटं गेली. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते, एका पायातली चप्पल निसटली होती.

मग खालून ते काहीतरी म्हणाले.

"क्या?" शैलेंद्र वाकला. "क्या बोले, उस्ताद?"

सुचेताला ऐकू गेलं होतं. गाडीखालून येणारा हा आवाज ऐकतच ती मोठी झाली होती. ती ते शैलेंद्रला सांगू शकली असती. ती भिंतीपाशी गेली आणि तिने कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.

"आता सांगा, बाबा," ती म्हणाली.

एकदम इतकं शांत झालं की शेजारच्या टपरीवरचे लोकही कप हातात धरून इकडे बघू लागले.

"मुझसे छूटा था, शैलेंद्रजी," बाबा जीपखालून म्हणाले, या वेळी मोठ्याने. "लड़की सच बोल रही है. इलज़ाम मैंने लगाया."

शैलेंद्र त्या पायांकडे बघत राहिला. बाबा काही बाहेर आले नाहीत.