दाराकडे तोंड

रेवजीने सुनेच्या हातातलं ओवाळणीचं ताट काढून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं.

"थांब, बेटा. आधी मी पाही येस."

बोलावणं घेऊन आलेला धुडकूकाका चुळबुळला. "पाहानं काय त्यामा, रेवजी? दसरानी पूजा शे. थोरला घरनी सवाशीनच शस्त्र ओवाळस. मांगला साले जसोदानी ओवाळं, आते निर्मला ओवाळी."

"आनि जसोदा कोठे शे, काका?"

काकाने आभाळाकडे हात केला. "देवानी मरजी. दसराना दिवस, देवनापुढे, कपाळले कुंकू. असं मरन कोनले भेटस?"

वर्षभर रेवजी हेच ऐकत आला होता. दहाव्याला ऐकलं, तळोद्याच्या बाजारात ऐकलं, शेताच्या बांधावर ऐकलं. ज्याला त्याला वाटे, बायको नशीबवान होती हे रेवजीला समजावून सांगायला हवं. जसोदा चुलीवर डाळ शिजत ठेवून गेली होती. आल्यावर पुरण वाटते म्हणाली होती. ती डाळ संध्याकाळी रेवजीनेच उकिरड्यावर ओतली. हे तो कुणाला सांगत नव्हता. सांगून काय, पुन्हा देवाची मर्जीच ऐकायची.

"चाल," तो सुनेला म्हणाला. ताट त्याने स्वतःच उचललं.

पूजा होती ती प्रेमचंदच्या घरी. प्रेमचंद त्याचा चुलतभाऊ. घर धाकट्याचं, पण कापसाचा पैसा त्याच्याकडे आला आणि पाटीलकीही. नवापूरच्या स्टेशनावर गाठी चढवून रोकड आणायची म्हणून त्याने गोऱ्या साहेबाच्या सहीचा परवाना मिळवला आणि पिस्तूल घेतलं. तेव्हापासून ते त्याच्या कमरेला. रोकड असो नसो, चक्राचे सगळे खाने भरलेले. शेतात जाताना तसंच, लग्नात तसंच. झोपाळ्यावर बसला की कमरेला टोचतं म्हणून काढून गादीवर टाकायचा, आणि घरातली पोरं त्याच गादीवर कोलांट्या मारायची.

गेल्या दसऱ्याला ते तलवारीशेजारी पाटावर ठेवलं होतं. भरलेलंच. रिकामं शस्त्र पुजलं तर वर्ष रिकामं जातं, असं प्रेमचंद म्हणाला होता. जसोदा फूल वाहायला वाकली, गुडघ्याने पाट कलला, पिस्तूल घरंगळलं आणि मागच्या घोड्याच्या बाजूने फरशीवर आपटलं. एकच आवाज झाला.

पंचनाम्याला आलेला फौजदार चहा पिता पिता म्हणाला होता, "पाटील, घोड्याखालचा खाना रिकामा ठेवायचा असतो. मग पडलं तरी उडत नाही. आणि घरात आल्यावर तर सगळ्याच गोळ्या काढायच्या. परवाना देताना सांगितलं नव्हतं का?"

"सांगं व्हतं," प्रेमचंद म्हणाला होता.

फौजदाराने बशी खाली ठेवली आणि कागदावर अपघात लिहिलं. रेवजी दाराआड उभा होता.

आज प्रेमचंदचं दालन माणसांनी भरलं होतं. भिंतीला लागून तक्क्याशी प्रेमचंद, त्याच्या दोन्ही बाजूंना भाऊबंद. मधे पाट. पाटावर तलवार, भाला आणि तेलपाणी केलेलं पिस्तूल, रिवाजाप्रमाणे दाराकडे तोंड करून. ओवाळणारी बाई दाराकडेच बसायची. गेल्या वर्षी पिस्तूल आपटून फरशीचा उडालेला टवका तसाच होता. त्यावर रांगोळी काढली होती.

"या भाऊ," प्रेमचंद म्हणाला. "थोरलं घर ऊनं, आते पूजाले शोभा."

"प्रेमचंद, गोळ्या काढ."

प्रेमचंद हसला. "आज? रिकामं शस्त्र देवनापुढे ठेवू? गाव काय म्हनी?"

"मांगला साले गाव काय म्हने, ते मी आयकं शे. काढ."

"भाऊ, झाई गयं ते झाई गयं. देवानी मरजी पुढे आपलं काय चालस? बठू द्या सूनले. मुहूर्त चालना."

निर्मला सासऱ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या पदराचं टोक तिच्या मुठीत होतं.

रेवजीने ताट बाजूला ठेवलं. तो खाली बसला. पाटाच्या दोन्ही कडा त्याने धरल्या आणि देवाची पालखी वळवावी तसा तो पाट जपून, जागच्या जागी, अर्धा फिरवला. पिस्तुलाचं तोंड तक्क्याकडे झालं.

प्रेमचंदच्या डावीकडचा माणूस सरकला. मग उजवीकडचाही. प्रेमचंद हात टेकून उठायला लागला.

"बठ," रेवजी म्हणाला. "कसाले उठस?"

"भाऊ, हाई काय मस्करी शे?"

"मस्करी नही. देवानी मरजी शे ना? दसराना दिवस शे. देवनापुढे शे. कपाळले कुंकू लावाडी देस, बठ."

धुडकूकाका दाराच्या चौकटीकडे बघत राहिला. प्रेमचंदच्या कपाळावर घाम आला होता. तो गुडघ्यांवर बाजूने सरकत पाटाजवळ आला, पिस्तूल उचललं, तोंड कोपऱ्यातल्या भिंतीकडे धरलं. बोटांना काम ठाऊक होतं. चक्र फिरत गेलं आणि पितळी गोळ्या एकेक करून सुपारीच्या वाटीत पडल्या. शेवटी त्याने सगळे खाने डोळ्यांसमोर धरून पाहिले, पिस्तूल परत पाटावर ठेवलं. रेवजीने पाट पुन्हा दाराकडे वळवला.

"कर, बेटा."

निर्मला बसली. तिने कुंकू लावलं, फूल वाहिलं, ओवाळलं. निरांजनाची ज्योत हललीही नाही. बाहेर कुणाचा तरी बैल हंबरला.

रेवजीची नजर वाटीवर होती.

"प्रेमचंद," तो म्हणाला, "येवढाच येळ लागस?"

प्रेमचंदने आपट्याची पानं हातात घेतली होती. ती तशीच राहिली.

रेवजी वाकला. रांगोळी बोटाने बाजूला सारून त्याने फरशीच्या टवक्यावर अंगठा ठेवला, थोडा वेळ तसाच धरला. मग धोतराला हात पुसत उठला.

"चाल, निर्मला. चुलीवर डाळ शे."