फिजिक्सला आठवा

आमच्या शाळेत अकरावी-बारावीला कुठलाही विषय चालायचा तर आठ मुलं लागतात. सात आली की विषय बंद. गाव गव्हाचं, मेलबर्नहून गाडीने चार तासांवर, त्यामुळे इथे बारावीपर्यंत शाळा टिकली हेच पुष्कळ, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. त्याच शाळेच्या कँटीनमध्ये मी सॉसेज रोल विकते, मग तोंड सांभाळूनच बोलावं लागतं.

माझ्या फ्लिनला अभ्यासातलं काय जमतं, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलायचे. पण त्याच्या हातात वेल्डिंगचं पिस्तूल द्या आणि बघा. शेजारच्या म्हाताऱ्याच्या ट्रेलरचा तुटलेला दांडा त्याने असा जोडून दिला, की जोड कुठे आहे ते त्या म्हाताऱ्याला चष्मा लावूनही सापडेना. गव्हाची कापणी यंत्रं दुरुस्त करणारा मर्व्ह शिर्मर म्हणजे शब्दाचा कंजूष माणूस. पण तोसुद्धा फ्लिनला म्हणाला, "शाळेत मेटलवर्क घे. वर्षभरानं ये माझ्याकडे, शिकाऊ म्हणून घेतो." फ्लिनला याहून दुसरं काही नकोच होतं.

आणि इकडे माझी मोठी बहीण नरेल, तिची किली. हुशार, गोड, आणि हट्टी. तिला इंजिनियर व्हायचं होतं, म्हणून फिजिक्स हवं होतं. आमच्या गावात फिजिक्स कोण घेणार? पण पोरगी महिनाभर ज्याच्या त्याच्या मागे लागली. नेटबॉलच्या मैत्रिणींना गळ घातली, डॉक्टरच्या मुलाला पटवलं. स्वतःला धरून सात जमवले आणि एक दिवस माझ्या कँटीनच्या खिडकीशी येऊन रडायला लागली.

"मावशी, एकच कमी पडतोय गं. एका माणसासाठी माझं सगळं अडलंय."

फ्लिन मागे सॉस घ्यायला उभा होता. सॉस न घेताच तो निघून गेला, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मी फिजिक्स लिहून दिलं."

"कशाच्या जागी?"

"मेटलवर्कच्या. दोन्ही एकाच तासाला येतात."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? फिजिक्समधलं काय येतं तुला?"

"काही नाही. मला कुठे शिकायचंय? फेब्रुवारीत एकदा नव्या वर्षाचा वर्ग सुरू झाला की मी परत मेटलवर्कमध्ये जाणार. पहिल्या दोन आठवड्यांत बदलता येतं. चालू वर्ग मग बंद करत नाहीत."

"आणि मेटलवर्क?"

"त्याला काय धाड भरलीय? दरवर्षी पोरं असतातच."

हे मात्र खरं होतं. मेटलवर्कला पोरं असतातच, हे गावात सगळेच धरून चालतात, मीही धरून चालले. त्या वर्षी ती बरोबर आठ होती. फ्लिन गेला, सात उरली. डिसेंबरात विषय बंद झाल्याचं कळलं. उरलेल्या पोरांना शेतकी विषयात ढकललं आणि मेटलवर्कचे सर डग शेजारच्या गावच्या शाळेत निघून गेले. हेडमास्तर हॅड्रिक मला म्हणाले, "लीॲन, नियम म्हणजे नियम. माझा इलाज नाही." मी त्यांना त्या दिवशीचं सँडविच कालच्या पावाचं दिलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

"बरं झालं निदान किलीचं काम झालं," फ्लिन म्हणाला. रात्री चुलत्याचं जुनं फिजिक्सचं पुस्तक उघडून बसायला लागला बिचारा. नाहीतरी आता तेच शिकायचं होतं.

जानेवारीत किलीला बॅलरॅट शहरातल्या मुलींच्या बोर्डिंग शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. नरेल आनंदाने केक घेऊन आली. मी विचारलं, "आणि इथलं फिजिक्स?"

"अगं, तिथली प्रयोगशाळा बघशील तर वेडी होशील. आणि मुलीनं आपल्याला जमेल ते, आवडेल तेच करावं ना?"

"फ्लिनचं काय?"

"त्याला कुठे फिजिक्स आवडत होतं?" ती म्हणाली, आणि केक कापायला सुरी मागितली. मी सुरी दिली. बहीण आहे, नाहीतर त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगण्यासारखं नाही.

किली गेली, फिजिक्सला सात उरले, फिजिक्सही बंद. फ्लिनला जागा होती तिथे बसवलं, व्यवसाय व्यवस्थापनात. मर्व्हने शेजारच्या गावातून मेटलवर्क करणारा एक मुलगा शिकाऊ म्हणून नक्की केला. आमच्याकडे येऊन टोपी हातात घेऊन बोलला, "वर्कशॉप एवढंसं. माझ्याकडे एकच जागा आहे गं." त्याच्यावर रागावता येत नाही, हाच राग.

ईस्टरला नरेलच्या अंगणात सगळे जमलो. किली उंच झाल्यासारखी वाटत होती. फ्लिन शेगडीवर मटणाचे चॉप्स परतत होता. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि विचारलं, "काय रे, आमचं फिजिक्स कसं चाललंय?"

तिला ठाऊकच नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने विचारलंही नव्हतं.

"बंद झालं," फ्लिन म्हणाला.

"अय्या, हो?" तिला खरंच वाईट वाटलं. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "मग तू मेटलवर्कच घ्यायचं होतंस ना, वेड्या. तुला तेच तर जमतं."

मी खुर्चीतून अर्धी उठले. फ्लिनने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. मग त्याने त्यातल्या त्यात चांगला भाजलेला चॉप उचलला आणि तिच्या ताटात वाढला.