ऐकू येईल ते सर्व

बहिऱ्यांच्या मंडळाने फोनवरील मध्यस्थ सेवेची मागणी केली, तेव्हा तिच्यातील सर्वांत कठोर कलम मंडळातल्या पुस्तके बांधणाऱ्या बहिऱ्या बाइंडरनेच घातले होते: मध्यस्थ बाईने पलीकडचे कानी पडेल ते सर्व बहिऱ्याच्या यंत्रावर टाइप करावे, गाळू नये, सौम्य करू नये. हा हट्ट ज्यांना अवाजवी वाटतो, त्यांनी त्याची मागची वीस वर्षे पाहावीत. त्याच्या वतीने त्याच्या दुकानाखालचा औषधवाला फोन करी. दहा मिनिटे बोले, खळखळून हसे आणि शेवटी नुसता अंगठा वर करी. "दहा मिनिटांचा एक अंगठा?" बाइंडरने सभेत हातांनी विचारले होते. "बाकीचं काय, बाटलीत भरून ठेवलं त्यानं?" सभा हसली आणि कलम मंजूर झाले.

सेवेचा तो चौथा महिना होता. आईची शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झाले होते. खळीचे हात धुऊन त्याने रिसीव्हर यंत्राच्या रबरी खळग्यांत बसवला आणि मध्यस्थ बाईला परगावच्या दादाचा नंबर दिला. कागदावर अक्षरे उमटली:

"भावाला नियम सांगितला. 'हो, हो' म्हणाला. भाऊ: बोल रे."

त्याने टाइप केले, "आई कशी आहे? भेटायला कधी येऊ?"

यंत्र थांबले. मग अक्षरे एकेक, अंतर ठेवून आली.

"मागे बाईचा आवाज: भावजींना अजून कळवलं नाही? भाऊ, रिसीव्हर झाकून: हळू गं! आई पहाटे गेली, हे त्याने कागदावर वाचायचं का? गाडी काढतो, समोर बसून सांगतो, घेऊनच येतो. तोवर थांबा म्हणावं सगळ्यांना. भाऊ, मोठ्याने: झोपलीय रे आत्ता. कुठे जाऊ नकोस, मीच न्यायला येतोय. बोला."

रिसीव्हरवर हात ठेवला की झाले, असे दादाला वाटले होते.

बाइंडरने ते तीनदा वाचले. 'बोला' म्हणजे आता पाळी त्याची होती. तो लिहील ते ती बाई दादाला वाचून दाखवणार होती. त्याने लिहिले, "ये. मी तयार राहतो."

दादाने फोन ठेवला. त्यानंतर मध्यस्थ बाईचे, नियमात न बसणारे दोन शब्द आले: "माफ करा."

"कलम माझंच आहे," त्याने लिहिले. "तुम्ही बरोबर केलंत." मग यंत्रातला कागद फाडून घेऊन त्याने न शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याखाली सरकवला.

दुपारी दादा आला. हातांची भाषा त्याने कधी शिकली नव्हती. दोघांच्या मध्ये नेहमी आई असे. तो समोर बसला. 'आई' ही खूण त्याने केली, पण पुढची त्याला येत नव्हती. हात उघडले, मिटले, मांडीवर पडले. अखेर त्याने धाकट्याचा तळहात ओढून घेतला आणि बोटाने एकेक अक्षर काढू लागला. तिसरे अक्षर चुकले, तेव्हा तळहात पुसून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

बाइंडरने हात तसाच पुढे धरून ठेवला. दादाला ते पुरे करू दिले.