मधलं ‘तून’

माझे धाकटे दीर आमच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात विभागप्रमुख आहेत. घरी मी त्यांना भाऊजी म्हणते, कॉलेजात सर. त्यांचं मात्र सगळं सोयीने चालतं. काम करून घ्यायचं असलं की मी ‘वहिनी’, नकार द्यायचा असला की ‘मॅडम’. त्यामुळे सोमवारी केबिनमध्ये बोलावून ते “बसा मॅडम” म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या केबिनमध्ये एसी इतका गार असतो की भाऊजी स्वेटर घालून बसतात. पाठीमागे भिंतीवर ‘वीज वाचवा’ असं पोस्टर आहे.

“शुक्रवारी बाहेरची समिती येतेय,” ते म्हणाले. “शाश्वत विकास आता सगळ्याच विषयांत दिसला पाहिजे. म्हणून तुमचा वेगळा विषय बंद. प्रत्येकाने आपापल्या स्लाइडच्या कोपऱ्यात एक हिरवं पान टाकायचं. आणि तुमच्या खोलीत आपण केंद्र करतोय. काचेचं.”

“आणि परीक्षा?”

“कॉम्प्युटरवर. चार पर्यायांतला एक निवडायचा.”

मी ती प्रश्नपत्रिका पाहिली होती. बहुतेक प्रश्नांचं उत्तर ‘वरीलपैकी सर्व’ होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझा विषय साधा होता. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी बंद पडलेली एखादी वस्तू आणायची. ती उघडायची, का मेली ते शोधायचं, जिवंत करायची आणि मग ती मुळात कशी बनवायला हवी होती त्याचं ड्रॉइंग काढायचं. खाणीतून नवं लोखंड न काढता जगता येतं, हे मला त्यांच्या बोटांना शिकवायचं होतं. परीक्षेत बटण दाबायचं, वस्तू चालली तर पास. खोलीच्या दारावर मुलांनीच खडूने लिहिलं होतं, ‘टाकाऊतून टिकाऊ’.

“सर, तिथे मुलं काम करतात.”

“समितीला काय दाखवू? मुलांचे काळे हात?”

“दाखवा की.”

“हात दाखवून अवलक्षण नको, मॅडम.” आणि ते फोनकडे वळले. बोर्डवाल्याचा फोन होता. “अरे, दारावर लिहिलंय ना, त्यातलंच घे. ते तूनबीन काढ, एकच शब्द ठेव. पुढे ‘विकास केंद्र’. स्टीलमध्ये कर, चकचकीत.”

घरी सासूबाईंपुढे मी मन मोकळं केलं. त्यांच्या उशाचा पंखा माझ्याच विद्यार्थ्यांनी चालू केलेला. त्या म्हणाल्या, “लोका सांगे ब्रह्मज्ञान! लहानपणी खेळणं मोडलं की हा दुसरं मागायचा, आणि मी मेली आणून द्यायचे. पण बाई, तू माझी आणि तोही माझाच. मी कुणाचा कान धरू?” त्यांनी पंखा तेवढा एक नंबरने वाढवला.

दुसऱ्या दिवशी भंगाराचा ट्रक आला. धातू कापायचा ग्राइंडर, व्हाइस, सोल्डरिंगचा सगळा सरंजाम, अर्धवट उघडलेले मिक्सर, सगळं चढलं. वसतिगृहाचा पाण्याचा पंपही चढला. माझी एक विद्यार्थिनी सगळं सत्र त्या पंपाशी झगडत होती. कॉलेज नवा पंप घेणार होतं, हिने सिद्ध केलं की फक्त सील गेलंय. त्या मापाचं सील गावात मिळेना, म्हणून ती सकाळी बसने दुसऱ्या गावी गेली होती. ती परत आली तेव्हा खोलीत फक्त झाडू मारलेली फरशी होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “मी आता पास कशी होणार?”

ज्या पोरीने घाम गाळून एक पंप वाचवला तिला आता चार पर्यायांतून हिरवं पान ओळखायचं होतं. याला शिक्षण म्हणायचं?

शुक्रवारी सकाळी कॉरिडॉरमधून हाक आली, “वहिनी! अहो वहिनी, पळत या!”

काचेच्या दारावर स्टीलची अक्षरं झळकत होती: ‘टाकाऊ विकास केंद्र’. बोर्डवाल्याने सांगितल्याप्रमाणे एकच शब्द ठेवला होता. पहिला.

मला आधी हसू आलं आणि मग संताप. कारण सगळं काम त्या ‘तून’मध्येच होतं. तेच यांनी काढून टाकलं होतं.

“एवढं करा वहिनी, समिती गेटवर आलीय. टचा काना कापायचा, अलीकडे घ्यायचा, वर वेलांटी जोडायची. तुमच्या मुलांच्या हातचा मळ आहे!”

“आहेच. पण कापायचं कशाने, सर? ग्राइंडर ट्रकमध्ये गेला.”

“मग झाका काहीतरी!” म्हणत त्यांनी स्वेटर काढायला घेतला. तो डोक्यात अडकलेला असतानाच समिती जिना चढून आली.

अध्यक्षबाई वयस्कर होत्या. त्यांनी बोर्ड वाचला आणि भुवया उंचावल्या. भाऊजी स्वेटरमधून डोकं काढत म्हणाले, “मुद्दाम ठेवलंय, मॅडम. विचार करायला लावणारं.”

“वा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. एकाने फोटोही काढला. मी दात-ओठ खात उभी होते. माझ्या शेजारी ती मुलगी उभी होती, मुठीत काहीतरी घट्ट धरून.

“तुझ्या हातात काय आहे गं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

तिने मूठ उघडली. काळी रबरी कडी होती. “वसतिगृहाच्या पंपाचं सील. एवढंच बसवायचं राहिलं होतं.”

“अरे वा! मग दाखव की. पंप कुठे आहे?”

मुलगी सरांकडे पाहू लागली. सर माझ्याकडे.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “सांगा ना काहीतरी.”

मी फक्त बोट वर करून बोर्डवरचा पहिला शब्द दाखवला.