तुपात घसरलेला बैल

मी एक बग्गी. लग्नातली घोड्याची नव्हे हो! रिमोटवर ढेकळांतून उड्या मारत पळणारी, हातभर लांबीची बग्गी. चंद्रपूरच्या एका साहेबांनी मला हौसेनं पळवलं, दोनदा कडुनिंबावर आपटलं आणि मन भरल्यावर कपाटावर टाकलं. पुढे पोंभुर्ण्याचे मिक्सर दुरुस्त करणारे मन्सूरभाऊ आले. मला पिशवीत कोंबून, वर वांगी ठेवून एसटीनं घेऊन गेले. काय तो माझा मान!

घरी त्यांनी मला पार उघडं केलं. दातेरी चाकांतली माती काढली, दबलेल्या स्प्रिंगा बदलल्या, नवी बॅटरी बसवली. मोटारीच्या तारा मात्र उलट्या जोडल्या. पुढे जायचं बटण दाबलं आणि मी मागे सुटले, ती थेट त्यांच्या बायकोच्या, कमरजहाँबाईंच्या, पिठाच्या परातीत!

"अजी, पागल झाले का? हे खेळणं काऊन आणलं?"

"खेळणं नाई, बैल आहे. दादाजीभाऊचा नंदी ओढाले."

"मंग ओढून दाखवू दे. नाई तर भंगारात!"

दादाजी म्हणजे शेजारचे सुतार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल मिरवतात ना, त्यात त्यांचा सागवानी नंदी चाळीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. औंदा गुडघ्यानं दगा दिला. "दोरी माह्या हातची, दुसऱ्याले देत नाई," म्हणून म्हातारा हटून बसला आणि जेवणही सोडलं. खुर्चीत बसून रिमोट धरता येतो, म्हणून माझी ही खरेदी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळून त्याला जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, देतात. तसेच तान्ह्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दादाजी वाटीत तूप-हळद घेऊन आले. "ओढते तो बैल. खांदा कुठी याचा?"

मन्सूरभाऊंनी डोकं खाजवलं. "जोर मागच्या चाकांत आहे."

झालं! दादाजींनी पळसाच्या पानानं दोन्ही चाकं चोपडली. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला आजवर कोणी 'या' म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मी तिथंच विरघळले.

दुसऱ्या दिवशी चौकात तोरण बांधलेलं. दादाजींनी बटण दाबलं. घर्रर्र! चाकं गरागरा फिरली, पण मी तसूभर हलेना. "बैल रुसला!" लोक खिदळले. दादाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मन्सूरभाऊ माझे स्क्रू खोलायला पेचकस शोधू लागले.

"पेचकस कायले? तुपाच्या भांड्याले राख लागते!" कमरजहाँबाई घरातून चुलीची राख घेऊन आल्या आणि माझी चाकं खसाखसा घासली.

दोरी ताणली. नंदीच्या गळ्यातली घंटी वाजली आणि आम्ही तोरणाखालून गेलो. त्या दिवशी दादाजी चार पुरणपोळ्या जेवले. पाचवी माझ्या टपावर ठेवली, तिच्यामुळे आजही माझ्या पोटात मुंग्या आहेत.

आता मी फळीवर नंदीशेजारी असते. दादाजी, पुढच्या वर्षी तूप खुशाल लावा, पण टपाला. आणि आवतन द्यायला तुम्हीच या. रिमोट दुसऱ्या कोणाच्या हाती दिलात, तर मी खरंच रुसेन.