दाव्याची गाठ

सकाळी पाणी काढताना कप्पीवर खट्ट वाजलं नाही. मी तिथंच थबकलो.

विहिरीचं पाणी खाली जायला लागलं तेव्हा दोर पुरेना, म्हणून बायकोने त्याला गाईचं दावं जोडलं. मी कुरकुरलो तर म्हणाली, "रडून विहीर भरत नाही. पाणी खाली गेलं तर दोर वाढवायचा." ती गेली, गाठ राहिली. बादली पाण्याला टेकायच्या आधी ती गाठ कप्पीवर खट्ट करते. घरात बोलणारं तेवढंच उरलंय. आज बादली आधीच बुडाली.

शेजारची वहिनी हरखली. "भाऊजी, पाणी वर आलं की हो!"

"पाऊस नाही, पाणी नाही, वर येईल कसं? कान द्या जरा."

पलीकडच्या कापड रंगवायच्या कारखान्याचे पंप गप्प होते. एरवी दिवसरात्र घुमतात, आमच्या विहिरींचं पाणी ओढतात.

"अगं बाई! आज ती मोजणीवाली यायची ना?"

कारखान्याला आणखी एक बोअर पाडायची होती. आमच्या विहिरींत पुरेसं पाणी आहे, असं त्या सरकारी बाईंनी मोजून लिहिलं की परवानगी मिळणार. मग आम्ही दोर तरी किती वाढवायचा?

दुपारी बाई टेप घेऊन आल्या, मागे कारखान्याचा मॅनेजर. मी विहिरीत पाय सोडून काठावर बसलो होतो.

"काका, सरका. मोजायचंय."

"मोजा की. आधी पंप चालू करा."

"पंप दुरुस्तीला काढलेत," मॅनेजर म्हणाला.

"सगळे एकदम आजारी? साथ आली काय?"

वहिनी फिसकन हसली. मॅनेजर चिडला. "मॅडम, अडाणी माणूस आहे, नादी लागू नका."

"अडाणी आहे, बहिरा नाही. बाई, जेवून उठलेल्या माणसाची भूक मोजून काय कळणार तुम्हाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कारखान्याकडे कान दिला. टेप गुंडाळली. "पंप चालू करा. मी उद्या येते."

"मॅडम, रिपोर्ट आजच द्यायचाय!"

"मग मोजू दिलं नाही असं लिहिते. चालेल?"

तासाभरात सगळे पंप बरे झाले.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेपआधी मी बादली सोडली. दोर सरसर गेला. खट्ट. मग आणखी हातभर दावं गेलं, तेव्हा कुठे बादली बुडाली. पाणी खाली गेलं म्हणून जन्मात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

बाई आकडा लिहीत होत्या. मॅनेजर दोराकडे बघत म्हणाला, "काका, कुजलाय तो. नवा पाठवून देतो."

"राहू दे," मी म्हणालो. "तुझा नवा दोर बोलायचा नाही."